बाबांविषयी एक पान

मंगळवार, ४ मार्च

सुभेदारकाका कागद देऊन गेले. एकच, कोरा, चार घड्या घातलेला. "सोळा तारखेला शोकसभा आहे. तुझ्या बाबांवर एक पान लिहून वाच. कष्टाळू होता, शिस्तीचा होता, घरच्यांवर जीव टाकायचा — असं काहीतरी." मग दारातून वळून, "कॉलेज सोडलंस म्हणून काय झालं, अक्षर तर येतं ना?" टोमणा मारल्याशिवाय या माणसाला शोकही करता येत नाही. बाबांबरोबर अठरा वर्षं पलटणीत होते, म्हणून ऐकून घेतलं.

बाबा जाऊन अकरा दिवस झाले. कागद कोराच आहे. इथे वहीत मात्र हात चालतोय.

तर — ट्रकचं चाक. टायर चढवला की त्याच्या कडेला लोखंडी रिंग ठोकून बसवतात, मग हवा भरतात. रिंग बसली नसेल तर दाबानं सुटते. सुटते म्हणजे तोफेसारखी उडते. २१ फेब्रुवारीला दुपारी बाबांच्या दुकानात ती उडाली. बाबा चाकावर वाकलेले होते. मी पोचलो तेव्हा त्यांचा चष्मा छपराच्या पत्र्यात अडकला होता. आणि चेहरा — नाही लिहीत.

समोरचा वेल्डर ओरडला, "या ड्रायव्हरनं घाई केली! आतून 'लवकर, लवकर' ऐकलं मी. दुसरं कोण म्हणणार?" ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता, शर्टभर रक्त, बाबांचं. माझ्या हातात साखळी होती. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. जबडा मोडला तो मला हाताला कळला, ओली फांदी मोडते तसा. मग बाकीचेही तुटून पडले. चार जण मला मागे ओढत होते आणि सहा जण त्याला हाणत होते.

बरं वाटलं होतं. आजही वाटतं.

तो इस्पितळात आहे. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. नकोच बोलायला.

गुरुवार, ६ मार्च

'माझे बाबा अठरा वर्षं सैन्यात होते.' एवढं लिहिलं. पुढे गाडी अडली.

काकांना विचारलं, सभेत सांगण्यासारखं काय आहे? काका लगेच खुलले. एका चौकीवर गोळ्या संपल्या होत्या, समोरून तिघं आत घुसले. बाबांच्या हातात खंदक खणायचं फावडं होतं. "दोन घाव. पहिल्यात आडवा, दुसरा खात्रीला. मग दुसऱ्याकडे वळला. त्या दुसऱ्याचे पाय मी धरून होतो, मांडीत छर्रे होते माझ्या. मला पाठीवर टाकून उतरला खाली, वर शिव्या देतोय की तुझं वजन काय रे म्हशी." काका हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

मी नववीत असताना बाबांना हेच विचारलं होतं. ते बूट पुसत होते. सगळ्यांचे, रोज, ओळीत मांडून, आईच्या चपलासुद्धा. म्हणाले, "दुसरा घाव खात्रीला नव्हता. तो ओरडत होता. ऐकवत नव्हतं मला." आणि आईच्या चपलेवर ब्रश फिरवत राहिले.

हे कसं वाचणार सभेत?

शनिवार, ८ मार्च

कॉलेजातली ती दिसली, औषधांच्या दुकानात, काउंटरवर. माझ्याकडे बघितलं नाही. बाप जाऊन पंधरा दिवस झालेत आणि मला काय दिसलं तर तिनं केस कापलेत. थू माझ्यावर.

सोमवार, १० मार्च

आज पान तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. 'कष्टाळू' लिहिलं की पुढे काहीच खरं लिहिता येत नाही. तेव्हा आधी खरं इथे.

बाबांनी मला एकदाच मारलं. सातवीत. भरलेल्या चाकाच्या रिंगवर मी हातोडा वाजवत होतो, गंमत म्हणून. अशी ठेवून दिली की कानात शिट्टी वाजायला लागली. मग स्वतःच घाबरून सायकलवर डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर छपरातलं भोक दाखवलं. "दुकानाच्या आधीच्या मालकाची रिंग इथून गेली. त्याला अंदाज होता म्हणे." बाबांनी अंदाजावर काही ठेवलंच नाही. चाकाच्या भोकांतून साखळी ओवायची, टायरभोवती तीन वेढे, हुक अडकवायचा, मगच हवा. रिंग सुटली तरी साखळीत अडकते. गिऱ्हाईक कितीही बोंबलो. एकदा एक मालक म्हणाला, "म्हातारबा, बैल बांधताय की चाक?" बाबा म्हणाले, "बैल बरा. शिंगं दाखवून तरी येतो." बावीस वर्षांत एक चाक बिनसाखळीचं नाही.

एक.

कारण त्या दिवशी साखळी माझ्याकडे होती.

तिच्या भावानं तिला मारलं होतं. माझ्याशी बोलते म्हणून. गालावर चार बोटं उठलेली मी स्वतः बघितली. कॉलेज तरी कशापायी सुटलं? तिच्यावरून वर्गात एकाचं नाक फोडलं म्हणूनच. तेव्हा बाबा चिडले नाहीत. "उद्यापासून सातला दुकानात ये," एवढंच. आणि महिनाभर रोज माझ्याआधी येऊन माझ्या वाटणीचं झाडून ठेवायचे.

तर, २१ला दुपारी खुंटीवरची साखळी काढली, बाबांचीच स्कूटर घेतली आणि गेलो. बाबांनी हाक मारली होती. मी थांबलो नाही. तिचा भाऊ व्यायामशाळेबाहेर भेटला. गळपट्टीचं हाड मोडलं त्याचं. आणखी मारणार होतो, पण ती धावत आली आणि मध्ये उभी राहिली. माझ्या बाजूनं नाही. त्याच्या बाजूनं. "जनावर आहेस तू," म्हणाली. परत आलो तर दुकानापुढे गर्दी. साखळी गळ्यात तशीच, तीच हातात घेतली. सगळ्यांना वाटलं, ड्रायव्हरला हाणायला मी ती दुकानातून उचलली.

बाबांना जी वाचवणार होती त्याच साखळीनं मी त्या माणसाचं तोंड फोडलं.

घाई त्यानंच केली, हे खरं. पण साखळी जागेवर असती तर त्याच्या घाईनं काही झालं नसतं. हे अजून कुणाला ठाऊक नाही.

मंगळवार, ११ मार्च

हवालदार येऊन गेला. ड्रायव्हरवर गुन्हा लागणार, त्याच्या निष्काळजीपणानं माणूस गेला म्हणून. "तुम्ही निश्चिंत राहा, पाच वर्षं आत घालतो," म्हणाला. मारहाणीचं काय, तर जमाव होता, जमावाला नाव नसतं. मी मान हलवली. पाणी आणून दिलं त्याला.

शुक्रवार, १४ मार्च

आई आज पहिल्यांदा आपणहून बोलली. कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबांच्या. काढून टाकायच्या म्हणून घालत होती आणि परत कपाटातच ठेवत होती.

"माझा हात मोडला होता ना, तू लहान होतास. तीन महिने माझी वेणी त्यांनी घातली. तिरकी. म्हणायचे, मला दोराची गाठ येते, वेणीची नाही. दुकानातून आले की रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, आणि मग माझ्या केसांना हात लावायचे." घडी गुडघ्यावर थोपटत राहिली. मग अगदी त्याच आवाजात, "जबडा कसला मोडलास? मान मोडायची होतीस त्याची."

माझी आई. झुरळसुद्धा बाहेर नेऊन सोडते ही बाई.

तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. भेकड आहे मी. साखळी हातात असली की तेवढा शूर.

रविवार, १६ मार्च

झालं.

शाळेचं सभागृह. खुर्च्या भरलेल्या, पलटणीतले म्हातारे पदकं लावून पुढे. वेल्डर होता. हवालदारही होता. काका म्हणाले, "आता मुलगा दोन शब्द वाचेल." कागद उघडला. कष्टाळू वाचलं. शिस्तीचे वाचलं. 'बावीस वर्षांत एकदाही त्यांनी साखळीशिवाय हवा भरली नाही' इथपर्यंत आलो आणि पुढचं कागदावर नव्हतं. तरी बोललो. साखळी मी नेली होती. मारामारी करायला. ड्रायव्हरचा जबडा जमावानं नाही, मी मोडला, त्याच साखळीनं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग काका उठले. सत्तरीचा माणूस, लंगडत आले आणि फाडकन कानाखाली. मग दुसरी. "मला पाठीवर टाकून आणलं रे त्यानं," एवढंच म्हणत होते आणि मारत होते. मी हात वर केला नाही. माझा ओठ फुटला, त्यांच्या पदकांवर थेंब उडाले. कुणी आवरलं नाही त्यांना, आणि बरंच झालं. शेवटी ते माझ्याच खांद्याला धरून उभे राहिले, पाय टेकत नव्हता त्यांचा.

आईकडे बघितलं. ती शेजारच्या बाईंना म्हणाली, "मला घरी सोडता का?"

सोमवार, १७ मार्च

हवालदारानं जबाब घेतला. उद्या-परवा अटक होईल म्हणाला. आई ताट वाढते आणि जमिनीवरून सरकवते. हातात देत नाही.

बुधवार, १९ मार्च

आत जायच्या आधी इस्पितळात गेलो. ड्रायव्हर मला बघून पलंगाच्या कडेला सरकला. मी लांबूनच बोललो. म्हटलं, घाई तुझी होती, पण साखळी मी नेली होती, निम्मा गुन्हा माझा. त्यानं नर्सकडे कागद मागितला. बराच वेळ लिहीत होता. तो कागद इथे उतरवतो.

'मला घाई नव्हती. मी म्हणालो, साखळी येऊ द्या, तोवर जेवतो. तुझे वडील म्हणाले, पोरगं साखळी घेऊन मारामारीला गेलंय, स्कूटरही नेलीय. तेच लवकर लवकर म्हणत होते. चाक चढलं की माझ्याच ट्रकनं आम्ही दोघं तुला शोधायला निघणार होतो.'