काटा पाण्याचा आहे

पप्पा,

ट्रक काढू नका. नवा रेडिएटर बसवल्यावर तापमानाचा काटा वर चढत नाही म्हणून काल तुम्ही खूश होतात. पण तो काटा पाण्याचा आहे, गिअरबॉक्सच्या तेलाचा नाही. आपला ट्रक लष्कराच्या लिलावातला, बिनक्लचचा, आपोआप गिअर बदलणारा. त्याचं तेल जुन्या रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरून थंड व्हायचं. नव्याला ती सोयच नाही, म्हणून तो बसवताना रेमीमामांनी तेलाच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्यात. सकाळी इंजिन जरा चालवून बघितलं, तर नळीला हात लावता येईना. केळी भरून चिंचोटीचा चढ चढताना ते तेल उकळून तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं, तर पेट घेईल.

जुना रेडिएटर मम्मीने भंगारवाल्याला दिला. त्याने तो फोडायच्या आत परत आणायला मी त्याच्याकडे सातिवलीला जाते आहे. तिला रागावू नका, तिला काय माहीत. पेज झाकून ठेवली आहे.

"मोठी बी.एस्सी. झालीस, म्हणून मेस्त्री झालीस काय?" असं तुम्ही म्हणाल. ब्रेक नीट लागत नाहीत म्हटलं, तेव्हाही हेच म्हणालात आणि ट्रक नेलात. तेव्हा तुमच्या शेजारी बसलेला ॲन्सेल्म अजून कुबड्या घेऊन चालतो.

म्हणून या वेळी चावी मी बरोबर नेते आहे.

आल्बिना