मीराचा बाण बरोबर होता

१८ जानेवारी, मरीन परेड

महिनाभर वही उघडली नाही, चुकलंच.

पुढच्या आठवड्यात मीरा आणि मी कॅनडाच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांत स्कीइंगला जातोय. आज बीचवर हिमस्खलनात गाडलेल्याला बीकनने, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या खिशातल्या यंत्राने, शोधायचा सराव केला. मित्राचा बीकन डब्यात घालून वाळूत पुरला. पण मीराच्या बीकनवरचा बाण सारखा माझ्याकडेच वळायचा.

"तुलाच पुरायला हवं होतं," ती हसली. तिसऱ्यांदा चुकल्यावर मात्र म्हणाली, "नाही जमत रे मला."

माझा बीकन 'शोध'वर टाकायला मीच विसरलो होतो. त्यामुळे तो पाठवतच राहिला आणि सिग्नल माझ्या खिशातूनही जात होता. लक्षात आल्यावर गुपचूप बटण फिरवलं आणि म्हणालो, "सरावाने जमेल." असं का केलं? बाण बरोबरच होता. तिथे मी बर्फाखाली असलो आणि ती स्वतःवरच शंका घेत थांबली तर?

उद्या: चहाआधी मीराला खरं सांगणे.