तुझ्या नावाच्या बाटल्या

सगळ्यांच्या लाडक्या चिमीस,

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी तुला अभिनंदनाची पत्रं लिहिली, म्हणून मीही बसले. आपण दोघी बहिणी एकाच टेबलावर त्या दुर्मिळ औषधी झाडाचे कोंब कापून बाटल्यांत लावायचो. तुझ्या बाटल्यांत मुळं फुटायची, माझ्या बाटल्यांत बुरशी. "धाकटीचा हात बघा," सर म्हणायचे. मी हसायचे, पण आतून नुसता जळफळाट व्हायचा.

तू रजेवर गेलीस, त्या दिवशी आपण दोघींनी नुकत्याच लावलेल्या बाटल्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या मी बदलल्या. म्हटलं, एकदा तरी कौतुक माझ्या वाट्याला येऊ दे.

तीन आठवड्यांनी माझ्या नावाच्या सगळ्या बाटल्या बुरशीने गेल्या. तुझ्या नावाच्या, म्हणजे खरं तर मी लावलेल्या, मुळांनी गच्च भरल्या! त्यांच्याच जोरावर तुला त्या मोठ्या संस्थेत बोलावणं आलं.

जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताला यश आलं, चिमे, आणि ते सांगायची सोय नाही.

हे पत्र फाडून टाकणार आहे. तुला दोन ओळींचं गोड पत्र येईल. आता उठते, ती रोपं कुंड्यांत लावायची आहेत. सरांनी मघाशीच बजावलंय, "जपून हं, धाकटीची आहेत."

ताई