रस्टी पीकॉक आणि आंधळगावची मंडई

१७ जानेवारी १९८८, रविवार
मशीन बसवायला आमच्या वरठीच्या कारखान्यात आलेला जर्मन इंजिनिअर काल परत गेला. जाताना मला एक कॅसेट देऊन गेला. बँडचं नाव रस्टी पीकॉक. म्हणाला, यांना आमच्याकडेही कोणी ओळखत नाही. म्हणजे शोध माझाच. कव्हरवर चार पुरुष. खांद्याखाली केस, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली. आवाज असा की कौलं हलावीत. संकल्प : दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, अख्ख्या आंधळगावाला लाउडस्पीकरवर रस्टी पीकॉक ऐकवायचा. तोवर केस कापायचे नाहीत.

२ मार्च
बाबांनी कव्हर पाहिलं. "ह्या बाया कोनाच्या घरच्या?" पुरुष आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी कव्हर उलटं करून पाहिलं. मग विचारलं, "मायबाप जित्ते आहेत का त्यांचे?" घरी संगीतावर बोलायचं नाही असं ठरवलं.

१९ मे, दुपारी
केस कानाखाली. घाम मानेवर. आई म्हणे, "कायचा नवस बोलला रे बाप्पा?" माझ्या उत्तराची वाट न बघता तिने शेजारच्या पंचफुलाबाईला सांगून टाकलं की तेजरामनं लग्न जमावं म्हणून केस राखले. आता गल्लीतल्या बायका माझ्याकडे दयेनं बघतात. खुलासा करणार होतो. कंटाळा आला.

कारखान्यात मी स्टोअरला असतो, तिथे साहेबही बोलले, केस मशीनमध्ये अडकतील. स्टोअरमध्ये मशीन नाही. काहीच हलत नाही तिथे. मीसुद्धा फारसा नाही.

८ ऑगस्ट
शेवटी एक जाणकार भेटला. भय्याजी मास्तर, गावच्या नाट्य मंडळाचे दिग्दर्शक. माझे केस हातात घेऊन त्यांनी वजन केल्यासारखं पाहिलं. "मंडईपावतर कैची लावू नको बे." गायला लावलं. मी पीकॉकची सर्वांत वरची तान घेतली. मास्तरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अशी पट्टी मंगरूची बी नाही." मंगरू दरवर्षी नाटकात बाईचं काम करतो. त्याच्याशी तुलना का, कळलं नाही. असो. मंडळाला लागेल ती मदत करायची, बदल्यात दुसऱ्या अंकानंतर माझी कॅसेट लावायची, असं ठरलं.

ता. क. मास्तरांनी खोबरेल तेलाची बाटली पाठवली. रसिक माणूस.

१६ ऑक्टोबर
मंडईला सिहोऱ्याचे गोमाजी मुलीला घेऊन येणार. रात्री नाटक बघून पाहुणे थांबतील, सकाळी बोलणी. मुलीचं नाव रुखमिणी. तुमसरच्या एका लग्नात दुरून पाहिली होती. पसंत आहे. खरं तर तेव्हापासूनच. बाबा म्हणाले, "दोन जागा मोडल्या. तुले बत्तीसावं लागून राहिलं. केस काप." नाही म्हणालो. ती आधी लाउडस्पीकरवर पीकॉक ऐकेल, सकाळी मला बघेल, म्हणजे समजायला सोपं जाईल.

५ नोव्हेंबर
मास्तर लुगडं घेऊन आले. मंगरू यंदा सुटला, चोळीत मावत नाही म्हणे. नायिकेचं काम मी करायचं. "नाही म्हनशीन तर तुह्या कॅसेटचं बी मी सांगू शकत नाही." विचार केला. काजळ पीकॉकवालेही लावतात. शिवाय मेकअपमध्ये कोण ओळखणार? होकार दिला.

१४ नोव्हेंबर, सोमवार
मंडई झाली.

नवरा सोडून जातो त्या प्रवेशात मी पीकॉकच्या पट्टीत रडलो. बायका रडल्या. मंगरूही रडला. नाटक थांबवून माइकवर पुकारा झाला : सिहोऱ्याचे गोमाजी यांच्याकडून नायिकेला बक्षीस. स्वतः स्टेजवर येऊन त्यांनी माझ्या पदराला नोट टाचली. मी लाजलो. भूमिकेत होतो.

दुसऱ्या अंकानंतर मी लुगडं बदलत होतो. पीकॉक काही ऐकू आला नाही. लाउडस्पीकरवाला म्हणाला, कोरी कॅसेट संपली, म्हणून तुमच्या कॅसेटवरच नाटक भरून घेतलं.

सकाळी बोलणीला बसलो. काजळ घासूनही गेलं नव्हतं. गोमाजींनी चहा घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत पाहिलं. कप खाली ठेवला. बाबांना म्हणाले, "पोरगा मोठा गुनी आहे, भाऊ. पन माह्या पोरीले सासरी आरसा कोन मोकळा करून देईन?" रुखमिणी पदरात तोंड घालून हसली. हसणं चांगलं आहे तिचं.

२० नोव्हेंबर
केस कापले. मास्तर न्हाव्याकडे हजर होते. केस गंगावनासाठी मंडळानं नेले. पुढच्या वर्षी माझ्याच डोक्याला बसतील म्हणाले.

९ डिसेंबर, सकाळी
वरठीला उतरलो. स्टेशनजवळच्या पानठेल्यावर कोणीतरी रडत होतं. ओळखीची पट्टी. मीच. कॅसेटच्या कॉप्या निघाल्या आहेत. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कोन बाई आहे हे?"

पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "का मालूम भाऊ. हिले कोनी ओळखत नाही."

पान न घेताच ड्युटीवर गेलो.