दोन डॉक्टर आणि मी

१२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. ‘ठीक’ वाचलं की तू चष्मा पुसून पुन्हा वाचतेस, म्हणून नीटच सांगते.

मध्यंतरी छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. ऑपरेशन झालं, जखमही भरली. कळवलं नाही, कारण तू धावत येऊन सगळं ठरवून टाकलं असतंस.

पण पुढची गंमत ऐक. हार्ट अटॅकनंतर माझं हृदय कमजोर आहे, आणि कॅन्सरवरचं जालीम औषध नेमकं हृदयालाच त्रास देतं. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई आणि हृदयाचे डॉक्टर एकाच टेबलाशी बसले आणि चक्क मला विचारायला लागले, जालीम औषध घ्यायचं की सौम्य!

मी म्हटलं, “शिकलेले तुम्ही, मला काय विचारता?”

बाई म्हणाल्या, “मला तुमचा कॅन्सर दिसतो, यांना हृदय. दोन्ही घेऊन जगायचंय तुम्हाला.”

मग मी प्रश्नांची सरबत्तीच लावली. सौम्य औषधाने किती फरक पडेल? जालीम औषधापेक्षा शंभरात पाच-सहा जास्त जणींना आजार उलटतो. आणि जालीम घेतलं तर? कदाचित जिना चढतानाही धाप लागेल.

हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, “कशाशिवाय तुम्हाला चैन पडत नाही?”

“पाण्याशिवाय. साठीच्या बायकांना पोहायला शिकवते. बुडायच्या भीतीने त्या माझा दंड घट्ट धरतात, आणि एक दिवस सोडतात. तो दिवस मला बघायचा असतो.”

शेजारी बसलेले आमचे हे चिडले. “जिवाचा प्रश्न आहे, पोहण्याचं काय घेऊन बसलीस?” बाईंनी त्यांनाही शांतपणे सगळं समजावलं. घरी आल्यावर कुलूप उघडताना म्हणाले, “मला शिकवशील पोहायला?” इतक्या वर्षांत गुडघाभर पाण्यातही उतरले नव्हते गं!

ताई, मी सल्ला मागत नाहीये. मी सौम्य औषध निवडलंय. काल पहिलं सलाईन लागलं. दर थोड्या दिवसांनी हृदय तपासतील, आणि गरज पडली तर तिघं पुन्हा बसून ठरवू.

त्या पाच-सहा जणींत मी असले तर? हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. तुलाच विचारतेय.

रागावणार आहेसच. फोनवर नको, इथे येऊन रागाव.

वाट बघणारी,
तुझी चिमी