इल्काचा काटेरी गुच्छ

बाड होम्बुर्ग,
२ जून १९९६

ती. गेर्लिंडताईस,
फोल्कमारचा नमस्कार, वि. वि.

मागच्या आठवड्यात मला साठ पूर्ण झाली आणि कंपनीनं फुलं देऊन घरी पाठवलं. शेवटचं उड्डाण नैरोबीहून होतं. उतरल्यावर बंबवाल्यांनी विमानावर पाण्याची कमान धरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझं कार्ड तेवढं आलं नाही. टपालात गोंधळ झाला असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता मुद्द्याचं. सिल्के म्हणते की इल्का दोन उन्हाळे तुझ्याकडे ग्लायडर शिकते आहे आणि आता एकटीनं उडण्याजोगी झाली आहे. लेकीचं बोलणं खरं असेल, तर माझी एकच इच्छा आहे. माझ्या नातीला पहिल्यांदा एकटीला मी सोडणार, आणि ती उतरली की काटेरी फुलांचा गुच्छ तिच्या उघड्या हातात मी देणार. बाबांनी मला दिला होता तसाच. त्यानंतर क्लबच्या लोकांनी रांगेनं तिच्या बसायच्या जागी एकेक चापट मारावी, त्याला माझी ना नाही. माझ्याही वेळी त्यांनी हात राखून मारल्या नव्हत्या.

या महिनाअखेरीस मी येतो. बाबांचं दोघांचं लाकडी ग्लायडर काढून ठेव. जन्मभर जम्बो उडवलेल्या माणसाला ती टोपली जमायला हरकत नाही. त्याच एका कुरणावर इतकी वर्षं गोल गोल फिरून तुला कंटाळा कसा आला नाही, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

कळावे. लोभ वाढत नसला तर आहे तेवढा तरी टिकावा.

तुझा धाकटा भाऊ
फोल्कमार


ओबरहाल्डे,
९ जून १९९६

चि. फोल्कमार यास,
अ. आ.

कार्ड मी पाठवलंच नव्हतं. टपालखात्याला उगाच बोल लावू नकोस.

का पाठवलं नाही, तेही सांगते. क्लबच्या वर्धापनदिनाच्या अंकात तुझा लेख वाचला. ‘वडिलांनी मला आकाश दिलं.’ वाचून हसावं की रडावं ते कळेना. बाबा त्या काळात खाली ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्रावर, विंचवर, बसून दोर ओढत होते, फोल्कमार. तुझ्या मागच्या सीटवर मी होते. वळताना पाय वापर म्हणून ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. तुला एकट्याला मी सोडलं, आणि गुच्छासाठी काटे तोडताना हात माझे सोलले. बाबांनी फक्त शेवटची चापट मारली.

पुढं तू एअरलाइनच्या शाळेत गेलास. अर्ज मीही केला होता, आणि उड्डाणं माझी तुझ्याहून जास्त होती. आम्ही महिलांना घेत नाही, एवढंच एका ओळीत उत्तर आलं. खाली सहीसुद्धा टाइप केलेली होती. तू त्या दिवशी घरीच होतास. आईनं केलेले माउलटाशेन दोनदा वाढून घेतलेस आणि वैमानिकाच्या टोप्या कुठं चांगल्या शिवून मिळतात, ते विचारलंस. मग मी कुरणावर राहिले. तुझ्या कंपनीत आज कॅप्टन म्हणून मिरवणारे निदान तिघं आधी माझ्यापुढं बसून शिकले आहेत. ते मला कार्ड पाठवतात.

इल्काविषयी. इथं बाहेरून कुणीही आलं की आधी माझ्यापुढच्या सीटवर बसतं आणि मला उडून दाखवतं. तुझा ग्लायडर शिकवायचा परवाना कधीच संपला आहे. तो पुन्हा मिळाला तर बोलू. तोवर तू तिचा आजोबा आहेस, आणि आजोबांसाठी फाटकाजवळ बाक आहे.

लोभ मागून मिळत नसतो. तरी असू दे.

गेर्लिंड


बाड होम्बुर्ग,
३० जून १९९६

ताईस,
नमस्कार.

शनिवारी जे झालं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. अख्खा क्लब गवतावर प्लमचा केक खात बसलेला. माझी नात पंखाचं टोक धरून माझ्यापुढं धावलेली. वर सगळं उत्तम झालं. ग्लायडर सरळ जातंय का ते दाखवणारा काचेवरचा लोकरीचा धागा थोडा तिरका होता, पण त्यानं कुणी मरत नाही. उतरताना मात्र ऐन वेळी तू मागून माझ्या हातातली दांडी हिसकावलीस. हिसकावलीस हाच शब्द योग्य आहे. आणि खाली उतरल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस की, कॅप्टनसाहेबांना आणखी बरेच दिवस शिकाऊ म्हणून बसावं लागेल.

मी वादळात लागोसला उतरलो आहे. बर्फात अँकरेजला उतरलो आहे. माझ्या हातातून आजवर कुणी दांडी घेतली नव्हती. त्या एका ओळीच्या उत्तराचा राग तू माझ्यावर काढते आहेस. ते उत्तर मी लिहिलं नव्हतं. लेखात बाबांचं नाव घातलं कारण क्लब बाबांनी उभा केला. त्यात तुझा अपमान शोधायची तुला जुनी खोड आहे.

तर ऐक. इल्का सज्ञान नाही. तिला एकटीनं उडायला पालकाची सही लागते, आणि मी सांगेपर्यंत सही द्यायची नाही, असं सिल्केला मी सांगितलं आहे. सिल्के तुझ्यासारखी नाही, ती बापाचा शब्द पाळते. तू मला उडायला मोकळं कर, मी सही मोकळी करतो.

लोभाचं राहू दे.

फोल्कमार


ओबरहाल्डे,
७ जुलै १९९६

फोल्कमार,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही, म्हणून लिहीत नाही.

तू जम्बोत तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर बसायचास. चाकं जमिनीला लागली तरी तुझे डोळे वरच असायचे, आणि इतक्या वर्षांत जमीन तेवढ्या लांब दिसायची सवय होऊन गेली. ग्लायडरमध्ये माणूस जवळजवळ गवतात बसतो. शनिवारी तू चर्चच्या छपराएवढ्या उंचीवर असताना जमीन आली असं समजून नाक वर केलंस, आणि वेग संपत चालला. मी दांडी घेतली नसती तर बाबांचं ग्लायडर लाकूडफाट्याच्या भावानं गेलं असतं आणि आपण दोघं त्याच्या आत असतो. तुझ्यासारखे निवृत्त कॅप्टन दरवर्षी येतात आणि हीच चूक करतात. फरक एवढाच, की ते उतरल्यावर आभार मानतात आणि पुन्हा बसतात.

तुझ्या नातीला धमकीत वापरायचं तुला सुचलं, हे मात्र मला सुचलं नसतं. पोरगी दर शनिवारी सायकल हाणत येते, ग्लायडर धुते, दुसऱ्यांचे पंख धरून धावते आणि मागं मला बसवूनच उडते. तिच्यासाठी मागं बसते तेव्हा मी हात मांडीवर ठेवते. दांडीला बोट लावायची वेळच येत नाही. मी तिला हे सांगत नाही, कारण मग ती विचारेल की मग का नाही सोडत. तिच्या आजोबानं सही अडवली आहे असं तिला तूच सांग. मी तुला मोकळं करणार नाही. दरीतलं सगळं गाव येऊन रडलं तरी नाही.

इकडं सगळं ठीक. तिकडचं कळवू नकोस.

गेर्लिंड


बाड होम्बुर्ग,
१ सप्टेंबर १९९६

ताईस,

सिल्केचा फोन आला होता. इल्का जेवताना बोलत नाही म्हणे. मग इल्कालाच मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अजून काही सांगायचं आहे का म्हणून विचारलं. तू तिचे कान भरले आहेस हे उघड आहे.

हंगाम ऑक्टोबरपर्यंत आहे. मी थांबू शकतो. आयुष्यात मी पुष्कळ धुकं निवळायची वाट पाहिली आहे.

फोल्कमार


वेझर नदीकाठ,
२० ऑक्टोबर १९९६

ती. आजोबांस व ती. आत्याआजीस,
इल्काचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे एकच पत्र मी दोनदा लिहिलं आहे, म्हणजे कुणाला आधी कळलं यावरून भांडण नको. नेहमीसारखी शरदाच्या सुट्टीत मी माझ्या बाबांच्या घरी आले आहे. इथं धरणाच्या कडेला छोटा क्लब आहे. बाबांना मी फार काही सांगितलं नाही, सही मागितली आणि त्यांनी केली. तेही पालकच आहेत, हे तुम्ही दोघं विसरला होतात.

इथल्या शिकवणाऱ्या बाई डाग्मार नावाच्या आहेत. आठवडाभर त्या माझ्या मागं बसल्या. गुरुवारी उतरले तर त्या बाहेर पडल्या, मागच्या सीटचे पट्टे नीट बांधून ठेवले आणि जा म्हणाल्या. मला वाटलं चेष्टा करतात. मागची सीट रिकामी असली की ग्लायडर किती पटकन वर जातं, ते मला माहीत नव्हतं. आत्याआजी, मी पाय वापरले. धागा सरळ होता. आजोबा, मी शेवटपर्यंत गवताकडे बघत राहिले आणि नाक अगदी उशिरा वर केलं. तुमचं बघून शिकले, असं म्हटलं तर रागावू नका.

मग रांग लागली. मी कुणालाच ओळखत नव्हते. मार खाताना हसायचं असतं म्हणून हसत होते आणि फाटकाकडे बघत होते. तिथं बाक आहे, त्यावर कुणी नव्हतं. तुम्ही दोघं येणं शक्यच नव्हतं, तुम्हाला मी कळवलंच नव्हतं, तरी बघत होते. गुच्छ डाग्मारबाईंनी दिला. चांगल्या आहेत त्या. पण तुमच्यापैकी कुणीही दिला असता तरी मला चाललं असतं, आणि दुसऱ्यानं पंख धरला असता. मी दोन उन्हाळे हेच मनात धरून होते. मला कुणी विचारलं नाही.

गुच्छाचे मी दोन भाग केले. सोबतच्या खोक्यात एकेक आहे. तो हातमोजे न घालता घ्यायचा असतो, हाताला दांडीची जाणीव यावी म्हणून. तुम्हाला ठाऊकच आहे.

वसंतापासून मी इथंच उडणार आहे. आईशी बोलणं झालं आहे. बघायला यायचं असेल तर मार्चच्या शेवटच्या रविवारी या, पण दोघांनी एकाच गाडीतून या. वेगवेगळे आलात तर आत घ्यायचं नाही, असं मी फाटकावर सांगून ठेवलं आहे.

दोघांचाही लोभ माझ्यावर आहे, हे मला पुरेपूर कळलं. आता तो थोडा आवरता घ्यावा.

तुमची
इल्का


ओबरहाल्डे,
१६ मार्च १९९७

फोल्कमार,

हे समेटाचं पत्र नाही. तुझा लेख अजून माझ्या टेबलावर आहे.

इल्कानं सांगितलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, स्टुटगार्टच्या स्टेशनावर उभा राहा. गाडी माझी, आणि मीच चालवीन. तू शेजारी बस आणि हात मांडीवर ठेव. तुझ्या वाट्याचे काटे सोबत आण. माझ्या बोटात त्यातला एक अजून आहे, तो निघत नाही.

गेर्लिंड