ताईने भरवलेला वर्ग

बोळिंज, ७ जुलै २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका गंभीर अन्यायाची दाद मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. संस्कृतच्या पाठांची जी साईट मी आणि मेलरॉयने मिळून उभी केली, तिने काल मला ‘होतकरू विद्यार्थी’ हे पदक बहाल केलं. पाठ माझे, आवाज माझा, स्वाध्याय माझे. चुका दुरुस्त करायला रोज मीच आत जातो, म्हणून नियमित हजेरीबद्दल हा गौरव. पडद्यावर फुगेही उडाले. मेलरॉय, माझा जुना विद्यार्थी, निर्मळच्या केळीच्या बागेतून निघून संगणकात गेलेला, त्याला फोन केला. तो म्हणाला की सर, ही प्रणाली जगभरच्या लोकांनी खपून सगळ्यांना वापरायला खुली ठेवली आहे, फुगेही त्यांचेच आहेत. काढायचे तर एक रविवार मोडेल. मी फुगे तसेच उडू दिले.

मुलांना घरीही ऐकता यावं म्हणून आम्ही सगळं खुलं ठेवलं. कोणीही यावं, नाव आणि इयत्ता लिहावी, शिकावं. पण येतंय कोण? आठवीच्या दोन तुकड्या मिळून आठ-दहा मुलं, आणि एक होतकरू मी. मुख्याध्यापिका सँड्रा मॅडमनी परवा बोलावून सांगितलं की संस्थेला संस्कृतला प्रतिसाद दिसत नाही. दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर पुढल्या वर्षी विषय बंद आणि मी अतिरिक्त. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी जिल्ह्यात जिथे जागा निघेल तिथे समायोजन. जव्हार म्हण, तलासरी म्हण. बाई चांगल्या आहेत, सांगण्याआधी चहा मागवला.

अश्लेषा म्हणते की जव्हारची हवा उत्तम. नवऱ्याला धीर देण्याची तिची ही पद्धत आहे. मी फार दमलोय, ताई. वयाचं असेल.

फोनवर तू फक्त रक्तदाब विचारतेस, म्हणून पत्र. लोभ आहे, तो फुग्यांशिवाय टिकावा.

तुझा जयवंत


दापोली, २१ जुलै २०२४

चि. जयवंतास,
अनेक आशीर्वाद.

आईबाबांनी तुझ्यासाठी नवं नावसुद्धा शोधलं नाही, माझंच जयवंती कापून बेतलं. तेव्हा कधी तक्रार केली नाहीस, आणि आता पदकावरून रडतोस. होतकरू म्हणतायत ना, घेऊन टाक.

तुझं पत्र गुरुवारी भजनाला वाचून दाखवलं. सगळं नाही, दमल्याचं गाळलं. बायका हळहळल्या. मग शेजारच्या वहिनींच्या नातीने एकेकीच्या फोनवर तुझी साईट काढून दिली आणि सगळ्यांची नावं घातली. इयत्ता विचारली तिथे सरसकट आठवी लिहिलं, कारण तुझी अडचण आठवीत आहे. त्यातल्या तिघी आठवीला पोचल्याच नव्हत्या, त्या फार खूश आहेत. आता भाकऱ्या थापताना तुझाच आवाज चालू असतो. पलीकडच्या आळीतही गेलंय, आणि कोणाच्या तरी माहेरच्या ग्रुपवरून गुहागरला. संस्थेला म्हणावं, मोजा प्रतिसाद.

चौथ्या पाठात तुझा घसा बसलाय. लवंग धरत जा तोंडात.

जागा जात नाही तुझी, मी आहे. अश्लेषाला सांग, हवा आमच्याकडेही चांगली आहे. पत्र टाकत जा, न टाकलंस की जीव लागून राहतो.

तुझी ताई


बोळिंज, १८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा प्रतिसाद संस्थेपर्यंत पोचला. सँड्रा मॅडमनी बोलावलं. या खेपेला चहाबरोबर बिस्किटं होती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या आठवीत मुलं ऐंशी, आणि साईटवर आठवीचे विद्यार्थी सहाशेच्या वर. संस्थेची मंडळी भारावली. इतकी, की त्यांच्या मनात आलं: शिक्षक समोर नसताना एवढे शिकतात, तर मग शिक्षक हवा कशाला? मुलांना संगणक कक्षात बसवावं, लिपिकाने लक्ष ठेवावं, झालं.

मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, यातल्या बहुतेक दापोलीच्या गृहिणी आहेत आणि त्यांची भरती माझ्या बहिणीने केली आहे. संस्थेचे चिटणीस म्हणाले की मग तर फारच छान, गृहिणींनाही शिक्षक लागत नाही.

शेवटी असं ठरलं. सहामाहीपर्यंत अ तुकडी साईटवर, ब तुकडी माझ्यासमोर, आणि दोन्हींना एकच पेपर. अ पुढे गेली तर मी अतिरिक्त. थोडक्यात माझा सामना माझ्याशीच आहे. फरक एवढाच, की तो दुसरा जयवंत दमत नाही, आणि त्याला हवं तितक्या वेळा मागे नेता येतं. ब तुकडीत मी हसवत, थट्टा करत शिकवतोय. ते त्याला जमायचं नाही, भरवसा आहे तो तेवढाच.

तुझ्यावर रागवता येत नाही. मायेने केलंस. पण यापुढे माझ्यासाठी काही करावंसं वाटलं तर आधी एक पत्र टाक. लोभ आहे, तो साईटच्या आकड्यांपेक्षा जरा सावकाश वाढू दे.

तुझा जयवंत


दापोली, १ सप्टेंबर २०२४

चि. जयवंतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. बायकांना सांगितलं, बाहेर पडा तिथून, माझ्या भावाची नोकरी जाईल. कोणी ऐकेना. बाराव्या पाठाला आलोय, मधेच कसं सोडायचं, म्हणतात. शेजारच्या वहिनींनी तर विचारलं की आम्ही शिकलो तर तुमच्या भावाचं काय जातं. खरंच काय सांगायचं रे त्यांना?

चुकलंच माझं. मला वाटलं, माणसं वाढली की वर्ग वाचतो. आमच्या वेळी तसंच होतं.

तू जीव काढून शिकवू नकोस. रक्तदाबाची गोळी घे. परीक्षेत काहीही होवो, दिवाळीचा डबा जव्हारलाही पोचतो. तुझ्यावरचा जीव तिळभर कमी व्हायचा नाही, तेवढं गृहीत धर.

तुझी ताई


बोळिंज, १० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. चकल्या नेहमीसारख्या, म्हणजे शेजाऱ्यांना कळू न देता संपवल्या.

निकाल लागला. दोन्ही तुकड्यांची सरासरी जवळपास सारखी. संस्थेला यातून काही अर्थ काढता येईना, म्हणून त्यांनी आहे ते चालू ठेवलं: विषय राहील, मी राहीन, आठवड्यातला एक तास साईटवर. पुढल्या वर्षाच्या आदेशाची प्रतही हातात दिली. अश्लेषाने शिरा केला. तुझ्या बायकांनाही कळव, आता त्या बिनधास्त शिकोत.

तुला वाटेल, मग पत्राचा सूर असा का. सांगतो.

अ तुकडीत जिजा नावाची मुलगी आहे, पाचूबंदरची. घरची होडी आहे, आई मासळीच्या लिलावाला बसते. जून-जुलैत माझ्या तासाला ती शेवटच्या बाकावर असायची. तोंड उघडायची नाही. विषय झेपत नसेल म्हणून मी तिला सोडून दिलं होतं. सहामाहीत ती दोन्ही तुकड्यांत पहिली आली. तोंडी परीक्षेत श्लोक असे म्हणाली की मी पेन खाली ठेवून ऐकत राहिलो.

सँड्रा मॅडमनी तिला कौतुकाने विचारलं की साईटवर एवढं काय आवडलं. ती म्हणाली की घरी आम्ही ‘पानी’च म्हणतो, वर्गात बोलायला गेलं की तेच तोंडात येतं, साईटवर कितीदाही चुकलं तरी कोणी हसत नाही. मॅडमनी विचारलं, सर रागावतात का? तर म्हणाली की नाही, सर कधीच रागवत नाहीत. सर गंमत करतात, मग सगळे हसतात.

मॅडमनी मला हे हसत हसत सांगितलं. त्यांना वाटलं, मलाही गंमत वाटेल.

मी जिजाला काय म्हणालो होतो ते आठवून पाहतोय. आठवत नाही. काहीतरी छान जमून गेलं असेल, वर्ग हसला असेल, मला बरं वाटलं असेल. दिवसाला अशी दहा वाक्यं मी बोलतो.

उद्या सुट्टी संपते. दोन्ही तुकड्या पुन्हा माझ्याकडे येतील, जिजाही येईल. थट्टा न करता शिकवायचं कसं ते मला येत नाही, ताई. कधी करूनच पाहिलं नाही. नोकरीची काळजी मिटली. पण माझ्यासमोर बसल्यावर ती पोरगी पुन्हा गप्प होईल, याची मला भीती वाटते.

लोभ असू दे.

जयवंत